सिल्व्हेरच्या लग्नाआधीचे तीन सामने

सिल्व्हेर कोस्तान्झोला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आईची बोलणी खात होता. सत्तेचाळीसचा उन्हाळा. मी डोंगरातला माणूस, दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पोर-ओलिवच्या फुटबॉल क्लबानं गोलकीपर म्हणून मला बोलावलं होतं आणि मी ट्रंक घेऊन धक्क्याधक्क्यानं पत्ता विचारत चाललो होतो. तिथं त्याच्या आईची, फिलोमेनमावशीची, सपाट होडी लागली होती. मावशी खालून कालवांच्या टोपल्या वर फेकत होती आणि वर उभा राहून एक आखूड मानेचा, रुंद खांद्याचा पोरगा त्या पोटाशी झेलत होता. चाळीसएक टोपल्या त्यानं झेलल्या असतील. एकेचाळिसावी निसटली आणि पाण्यात गेली.

"तुझा आजा नेपल्सहून वल्हवत आला," मावशी म्हणाली, "त्याच्या हातातनं वल्हं नाही सुटलं. आणि तुझ्या हातातनं टोपली सुटते!"

पोरगा कपड्यांसकट पाण्यात उतरला, टोपली घेऊन वर आला आणि माझ्याकडं बघून हसला. "तू नवा गोलकीपर ना?" म्हणाला. "मी तुझ्या पुढं खेळतो. उजवीकडं. ट्रंक दे इकडं."

पुढली चौदा वर्षं तो माझ्या पुढं उजवीकडं खेळला. मध्ये फक्त तीन सामने असे झाले की तो माझ्या जागी होता आणि मी बाहेर. गाव आजही सिल्व्हेरचं नाव काढतं ते त्या तीन सामन्यांसाठी. पण ते सांगायच्या आधी हा माणूस कसा खेळायचा ते सांगायला हवं.

खरं सांगायचं तर तो फार चांगला खेळायचा नाही. धावायला बेताचा, डोक्यानं चेंडू मारायला त्याहून बेताचा. चौदा वर्षांत त्यानं एकही गोल केला नाही. पण समोरच्या विंगरला तो एकदा धरायचा तो सोडायचाच नाही. ढकलायचा नाही, पाडायचा नाही, नुसता बरोबर असायचा. एकदा एका विंगरनं मध्यंतरात आमच्या बालाझ मास्तरांना येऊन विचारलं होतं, "हा गृहस्थ आमच्या कपडे बदलायच्या खोलीतही येणार आहे का?" मासळीबाजारातल्या बायकांनी त्याचं नाव 'कालव' ठेवलं. खडकावरनं कालव काढायला सुरी लागते, तसं याला विंगरपासून काढायला पंचाची शिट्टी लागते, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही दुसऱ्या विभागात, म्हणजे दुय्यम संघांत, खेळायचो. नावाला व्यावसायिक. सिल्व्हेर पहाटे आईबरोबर खाडीत जायचा. आमच्याकडं कोवळी कालवं सिमेंटच्या बोटभर ठिपक्यानं दोरांवर चिकटवतात आणि ते दोर पाण्यात टांगून ठेवतात. दहापर्यंत ते काम, मग सरावाला. हस्तांदोलन केलं की त्याच्या हाताला सिमेंट लागायचं. एकदा क्लबाच्या करारावर सही केली की वयाच्या पस्तिशीपर्यंत खेळाडू क्लबाचा, ही त्या काळची रीत. क्लबानं ठरवलं तर विकायचा, नाही ठरवलं तर राहायचं. सिल्व्हेरला त्याचं काही वाटत नसे. "आईनं तर आयुष्यभराचा करार केलाय," म्हणायचा, "तोही सही न घेता."

नोएमी फाब्रेग आमच्या पोस्टात होती. खिडकी, तार आणि गावातला टेलिफोन, तिन्ही तिच्या ताब्यात. आम्ही बाहेरगावी खेळायला गेलो की सिल्व्हेर आईला तार करायचा आणि मावशीला वाचता येत नसल्यामुळं नोएमी ती घरी नेऊन वाचून दाखवायची. तीन वर्षं तिनं एकच मजकूर वाचला: पोचलो, जेवलो, सिल्व्हेर. मग बावन्नच्या हिवाळ्यात एक दिवस तार आली: पोचलो, जेवलो, पोस्टातल्या मुलीला नमस्कार, सिल्व्हेर. नोएमीनं तीही मावशीसमोर उभं राहून, एक शब्द न गाळता वाचली.

मावशीनं हात पुसले. मग म्हणाली, "तीन वर्षांत मला एक नमस्कार नाही त्याचा. बस पोरी, कॉफी टाकते."

लग्न ठरलं चोपन्न सालच्या अठरा फेब्रुवारीला, गुरुवारी. शनिवारी आम्ही प्रवासात, रविवारी मैदानात, म्हणून गुरुवार. आणि फेब्रुवारीच, कारण मार्चच्या तीन तारखेला राखेचा बुधवार होता. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस उपासाचे. आमचे पाद्री त्या दिवसांत हसणाऱ्याकडंही डोळे वटारून बघायचे, लग्न लावणं तर दूरच.

आणि नेमकं त्या वर्षी आम्ही फ्रेंच कप स्पर्धेत पुढं जात राहिलो. कसे ते आम्हालाही कळलं नाही. चौदा फेब्रुवारीच्या रविवारी माँपेलिएला आमची गाठ पडली ती आर्दांकूरशी. उत्तरेकडचा कोळशाच्या खाणींचा गाव, पहिल्या विभागातला संघ, आणि त्यांचा सेंटर फॉरवर्ड लादिस्लास व्होझ्निक. त्याचा बाप पोलंडहून खाणीत काम करायला आलेला. लादिस्लास दारातनं आत येताना वाकायचा. आमचं गाव सात बसगाड्या भरून आलं होतं, आणि फार लाजिरवाणं हरू नये एवढीच सगळ्यांची अपेक्षा होती.

बाराव्या मिनिटाला लादिस्लास एकटाच चेंडू घेऊन आत आला आणि मी त्याच्या पायांवर झेप घेतली. चेंडू मला मिळाला. गळ्याजवळचं हाड मात्र गेलं. आवाज मी स्वतः ऐकला, वाळकी काटकी मोडावी तसा. लादिस्लासनंच मला उचलून बाहेर नेलं आणि वाटभर माफी मागितली.

त्या काळी बदली खेळाडू नसत. पडला तो पडला, उरलेल्या दहांनी खेळायचं आणि त्यातल्याच एकानं गोलात उभं राहायचं. बालाझ मास्तर हंगेरीचे. रागावले की त्यांची फ्रेंच भाषा संपून जायची. त्यांनी माझी जर्सी हातात धरली आणि सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. सगळे आपापल्या बुटांकडं बघायला लागले.

"द्या इकडं," सिल्व्हेर म्हणाला. "झेलायचंच आहे ना?"

माझी जर्सी त्याच्या गुडघ्यांपर्यंत आली. त्यानं बाह्या चार वेळा दुमडल्या. बसगाड्यांतनं आलेली आमची माणसं हसली, मग गप्प झाली, आणि अर्ध्या तासानं ओरडायला लागली. तो गोलकीपरसारखं काहीच करत नव्हता. उडी मारत नव्हता, बोटांनी चेंडू ढकलत नव्हता. कुठून चेंडू येणार हे त्याला आधी कळायचं, तो तिथं जाऊन उभा राहायचा आणि चेंडू पोटाशी घ्यायचा, टोपलीसारखा. आणि गोल सोडून लादिस्लासला जाऊन चिकटायचा. ही सवय काही जाईना.

एका कॉर्नरच्या वेळी दोघांचं जे बोलणं झालं ते सिल्व्हेरनं मला नंतर सांगितलं.

"तू गोलकीपर नाहीस," लादिस्लास म्हणाला.

"नाही."

"मग इथं काय करतोयस?"

"गुरुवारी लग्न आहे माझं. तोवर वेळ काढतोय."

नव्वद मिनिटं झाली, जादा वेळेची तीस झाली, आणि सामना सुटला शून्य-शून्य. आमची माणसं मैदानात घुसली. मला दवाखान्यातनं बांधून आणलं होतं, मीही एका हातानं नाचलो. कपडे बदलायच्या खोलीत गाणी चालली होती, तेवढ्यात आमचे अध्यक्ष ग्रासेसाहेब आत आले. ते क्लबाचे अध्यक्ष आणि गावचे नगराध्यक्षही. बरोबरी झाली की पुन्हा सामना, त्यांनी सांगितलं. लियोंला. येत्या गुरुवारी.

गाणी थांबली. सिल्व्हेर एक बूट हातात घेऊन बसला होता. "नोएमीला कोण सांगणार?" त्यानं विचारलं. पहिल्या विभागाला अडवून आलेली माणसं. एकानंही वर बघितलं नाही.

ग्रासेसाहेबांनी घसा साफ केला. लग्न नोंदायला नगराध्यक्ष लागतो, ते म्हणाले, आणि नगराध्यक्ष गुरुवारी लियोंला असणार. उपनगराध्यक्ष चालला असता, पण तोच क्लबाचा खजिनदार, तोही लियोंला. तेव्हा लग्न कायद्यानंच पुढं गेलेलं आहे, यात कुणाचा दोष नाही.

तरी सांगायला लागलंच. सिल्व्हेर मला बरोबर घेऊन गेला, कारण माझा हात गळ्यात होता आणि ते बघून तिला थोडी दया येईल असं त्याला वाटलं. नोएमीनं माझ्या हाताकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं.

"कोण जिंकलं?"

"कुणीच नाही."

"मग दोन तास करत काय होतात?"

सिल्व्हेरनं सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. ती रडेल, नाहीतर दार तरी लावून घेईल, असं मला वाटलं होतं. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि बोट ठेवून मोजलं. "पंचवीसचा गुरुवार आहे," म्हणाली. "त्यानंतर उपास. जा आता, झोप. आणि चेंडू दोन्ही हातांनी धर, आई सांगतात तसा."

लियोंलाही गोलात सिल्व्हेरच. आमचा दुसरा गोलकीपर होता, पण त्याला नेमकं त्याच आठवड्यात गालगुंड झालं होतं. त्याचं तोंड भोपळ्याएवढं झालं होतं आणि डॉक्टरांनी त्याला खोलीबाहेर पडायला मनाई केली होती. मी लियोंला गेलो नाही. बसच्या हादऱ्यांनी हाड ठणकायचं. म्हणून गुरुवारी दुपारी सगळ्या गावाबरोबर मीही पोस्टासमोरच्या चौकात उभा होतो. खजिनदार मैदानाजवळच्या कॅफेतनं टेलिफोन करणार होता आणि नोएमी खिडकीतनं सांगणार होती. तिनं लग्नाची सुट्टी रद्द करून घेतली होती. पायात मात्र लग्नासाठी घेतलेले पांढरे बूट होते. चावू नयेत म्हणून आठवडाभर ती ते घालून फिरत होती.

आणि जेवण तयार होतं. आमच्याकडं लग्नाला तिएल लागतात. ऑक्टोपस टोमॅटोच्या रश्शात दिवसभर शिजवून तो पिठाच्या दोन पाऱ्यांत भरायचा आणि भट्टीत भाजायचा. नोएमीच्या आत्यांनी ऑक्टोपस सोमवारीच चढवले होते, लग्न पुढं गेल्याचं त्यांना मंगळवारी कळलं. शिजलेला ऑक्टोपस आठवडाभर थांबत नाही.

विसाव्या मिनिटाला आम्ही गोल केला. ते खिडकीतनं ऐकल्यावर चौकात जो आवाज झाला त्यानं चर्चवरची कबुतरं उडाली. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला लादिस्लासनं फेडला. मग जादा वेळ. बराच वेळ काहीच कळेना. शेवटी घंटी वाजली. काचेतनं नोएमी दिसत होती. ती ऐकत होती, मान हलवत होती. तिनं फोन ठेवला, केस नीट केले आणि खिडकी उघडली.

"एक-एक," ती म्हणाली. "पुढचा सामना गुरुवारी, दिजोंला." थोडं थांबून सरकारी निवेदन वाचावं तशी म्हणाली, "फाब्रेग-कोस्तान्झो विवाह पुन्हा पुढं ढकलण्यात आला आहे."

चौकात तीनशे माणसं. काय करावं, टाळ्या वाजवाव्यात की टोप्या काढाव्यात, कुणाला कळेना. मग मागनं फिलोमेनमावशीचा आवाज आला.

"आणि हे तिएल कोण खाणार? मी?"

नोएमी बाहेर आली. आत्याच्या टोपलीतला पहिला तिएल तिनंच उचलला आणि पोस्टाच्या पायरीवर बसून खायला लागली. मग काय, टोपल्या फिरल्या, कुणी कालवं फोडायला बसलं, कुणी वाइन आणली, अकॉर्डियनवाला तर लग्नासाठी ठरवलेलाच होता. नवरा लियोंला आणि नवरी चौकात नाचतेय, असं लग्नाचं जेवण मी आयुष्यात एकदाच जेवलो. ती सगळ्यांबरोबर नाचली, माझ्याबरोबरही, माझा बांधलेला हात सांभाळत. बूट नाहीतरी सैल करायचेच होते, म्हणाली.

नाच संपायच्या आधी ती उठून आत गेली आणि तिनं लियोंच्या हॉटेलवर तार केली. ती तार आमच्या क्लबात आजही काचेत लावलेली आहे: जिंका किंवा हरा. बरोबरी चालणार नाही. नोएमी.

बालाझ मास्तरांनी ती संघाला दोनदा वाचून दाखवली म्हणतात. आपल्या चाळीस वर्षांच्या फुटबॉलात इतकी स्पष्ट योजना कुणी दिली नव्हती, असं त्यांचं मत पडलं.

दिजोंला मात्र ती स्वतः निघाली. "तिसऱ्यांदा खिडकीत बसणार नाही," म्हणाली. बुधवारी सकाळी बसमध्ये मावशी, नोएमी आणि मी एका बाकावर होतो, मांडीवर नव्या तिएलांची टोपली. नोएमीनं तोपर्यंत फुटबॉलचा एकही सामना पाहिला नव्हता. रविवारी ती बहिणीकडं जायची.

दिजोंचं मैदान थंडीनं दगडासारखं झालं होतं. तिनं मला पहिल्या अर्ध्या तासात इतके प्रश्न विचारले की मला खेळ धड दिसला नाही. तो झेंडावाला सारखा हात का करतो? आपली माणसं मागं मागं का येतात? तो उंच माणूस म्हणजेच लादिस्लास का, चेहऱ्यावरनं तर भला वाटतो. पन्नास मिनिटांनी प्रश्न कमी झाले. सत्तराव्या मिनिटाला ती उभी राहिली आणि पुन्हा बसली नाही. ऐंशीला तिनं पंचाला जे सुनावलं ते ऐकून मावशीनं कौतुकानं तिच्याकडं वळून बघितलं.

शून्य-शून्य चाललं होतं. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आमच्या बॅकचा हात चेंडूला लागला आणि त्यांना पेनल्टी मिळाली. लादिस्लासनं चेंडू ठेवला. सिल्व्हेर गोलात उभा राहायचा सोडून त्याच्याकडं चालत आला, तेव्हा पंच त्याला हाकलायला धावले. तेवढ्यात दोघांचं बोलून झालं.

"आज काय वार?" लादिस्लासनं विचारलं.

"गुरुवार."

"म्हणजे आजही होतं?"

"आजही होतं. आता उपासाआधीचा एक मंगळवार उरलाय."

"मग मी सुटका करतो तुझी," लादिस्लास म्हणाला, आणि मागं गेला.

त्यानं जोर लावून मारला, थोडा उजवीकडं. सिल्व्हेर तिथं आधीच पोचला होता. चेंडू पोटात बसला, तो दोन पावलं मागं गेला, रेषेच्या वीतभर अलीकडं थांबला, आणि हातांची घडी सुटली नाही. माझ्या शेजारी मावशी म्हणाली, "निसटू दिली असती तर बघितलं असतं."

एकशे तेराव्या मिनिटाला आमचा डावा विंगर बाप्तिस्त गोलासमोर घसरून पडला. मागनं कुणीतरी मारलेला चेंडू त्याच्या पाठीला लागून आत गेला. बाप्तिस्तला कळलंच नाही. तो उठेपर्यंत सगळे त्याच्यावर पडले होते. पुढची सात मिनिटं आर्दांकूरच्या अकराही जणांनी आमच्या गोलासमोर मुक्काम ठोकला. मी डोळे मिटून घेतले. शिट्टी झाली तेव्हा नोएमी ओरडली नाही. ती बाकावर बसली, हात मांडीवर ठेवले आणि एवढंच म्हणाली, "मंगळवार."

दोन मार्चचा तो मंगळवार म्हणजे कार्निव्हलचा शेवटचा दिवस. गाव नाहीतरी सोंगं घेऊन रस्त्यावर होतं. नवरीच्या पुढं दोन अस्वलं, एक पोप आणि झाडू घेतलेल्या चार मिशाळ चेटकिणी चालत होत्या. ग्रासेसाहेब दिजोंला इतके ओरडले होते की पाच दिवसांनीही घशातनं आवाज निघत नव्हता. तेव्हा नगराध्यक्षाचा तिरंगी पट्टा त्यांनी घातला, कायद्याची कलमं उपनगराध्यक्षानं वाचली आणि प्रत्येक कलमाला साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. सिल्व्हेरला विचारायची वेळ आली तेव्हा प्रश्न पुरा व्हायच्या आतच तो "हो" म्हणाला. आणखी काही पुढं ढकललं जाऊ नये म्हणून, असं त्यानं नंतर सांगितलं.

मग पाद्र्यांकडचे विधी आटपून आम्ही चर्चमधनं बाहेर आलो आणि समोर लादिस्लास. दिजोंला हात मिळवताना सिल्व्हेरनं बोलावलं होतं, पण तो खरंच फ्रान्सच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येईल असं कुणाला वाटलं होतं? बरोबर त्याचे दोन सोबती आणि खांद्यावर बिअरचं पिंप. त्यानं नोएमीचा हात हातात घेतला आणि आपल्यामुळं झालेल्या उशिराबद्दल क्षमा मागितली.

"उशीर तुम्ही नाही केलात," नोएमी म्हणाली. "तुम्ही तर तीनदा प्रयत्न केलात. यानंच अडवलं."

लादिस्लासनं कधी कालव खाल्लं नव्हतं. ती जिवंत असतात हे त्यानं ऐकलं होतं. मावशीनं एक फोडून त्याच्यापुढं धरलं, आणि पहिल्या विभागातल्या गोलकीपरांना घाम फोडणारा तो माणूस डोळे गच्च मिटून, तोंड उघडून उभा राहिला. मग त्यानं तीन डझन खाल्ली. संध्याकाळी तो मावशीबरोबर नाचला. तिचं डोकं त्याच्या पट्ट्याच्या जरा वर येत होतं, आणि पावलं कशी टाकायची ते तीच त्याला सांगत होती.

पुढच्या फेरीत आम्ही सहा-शून्यनं हरलो. गालगुंडवाला बरा होऊन गोलात आला होता आणि सिल्व्हेर आपल्या जागी, उजवीकडं, सुखात होता. गावानं त्या सहांचं काही मनावर घेतलं नाही.

एप्रिलात पॅरिसहून एका मोठ्या क्लबाचा माणूस आला. वर्तमानपत्रांत सिल्व्हेरचा फोटो छापला होता, आणि या माणसाला तो गोलकीपर हवा होता. मनात आणलं असतं तर ग्रासेसाहेबांनी त्याला परस्पर विकला असता. पण ते सरळ माणूस, त्यांनी आधी सिल्व्हेरला विचारलं. सिल्व्हेर म्हणाला, मी बॅक आहे, पण ते एवढ्या लांबून आलेत तर बघू देत. मैदानावर गेलो. माझं हाड जुळलं होतं, बाप्तिस्त आणि मी आळीपाळीनं दहा चेंडू मारले. नऊ आत गेले. दहावा खांबाला लागला.

पॅरिसच्या माणसानं हॅट काढून डोकं खाजवलं. "मग दिजोंला काय झालं होतं?"

"दिजोंला मला लग्न करायचं होतं," सिल्व्हेर म्हणाला.

तो माणूस हसत हसत परत गेला. जाताना मावशीनं त्याच्या हातात कालवांची टोपली दिली.

त्यानंतर सात वर्षं सिल्व्हेर खेळला. दोन मुली झाल्या, खाडीत दोरांच्या चार रांगा वाढल्या. एका मोसमात आम्ही पहिल्या विभागात जाता जाता राहिलो. पाहुणे संघ त्याच्या नावावरनं चिडवायचे, आमच्या बायका त्यांना दुप्पट चिडवायच्या. नोएमी दर रविवारी हजर असायची, आणि नियम तिला पंचापेक्षा चांगले पाठ झाले होते. बहिणीला तिनं कळवून टाकलं होतं की आता तूच येत जा.

एकसष्टच्या मे महिन्यात त्याचा शेवटचा सामना झाला. ग्रासेसाहेबांनी विचारलं, आज तुला काय हवं ते माग. सिल्व्हेर लाजत म्हणाला, एकदा सेंटर फॉरवर्ड खेळू द्या. बालाझ मास्तरांनी आकाशाकडं बघितलं आणि होकार दिला. नव्वद मिनिटांत तो चेंडूपर्यंत अकरा वेळा पोचला, नोएमीनं मोजलं. एकदा तर समोर गोल रिकामा होता. त्यानं मारलेला चेंडू मैदानाबाहेरच्या अंजिराच्या झाडात जाऊन अडकला. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि तो कमरेवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता.

नंतर कपडे बदलताना तो मला म्हणाला, "फिर्मां, लांबनं ते गोलाचं तोंड केवढं मोठं दिसतं रे. आणि जवळ गेलं की मावत नाही काही."

पुढच्या रविवारी तो नेहमीसारखा उठला, दाढी केली आणि बॅग भरायला घेतली. बूट आत टाकल्यावर त्याच्या ध्यानात आलं. नोएमी दारात उभी होती. तिनं बॅग काढून घेतली आणि त्याच्या हातात पावाची पिशवी दिली. मला आणि माझ्या बायकोला तिनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. सगळे मिळून होडीनं खाडीच्या पलीकडच्या मळ्यात गेलो. द्राक्षवेलींच्या वाळक्या काटक्या पेटवून त्यांच्यावर पत्रा ठेवला, पत्र्यावर शिंपले पसरले आणि ते उघडायला लागले तसे बोटं भाजत खाल्ले. मुली पाण्यात होत्या. मावशी सावलीत बसून सगळ्यांना चुका सांगत होती.

सिल्व्हेर बराच वेळ इकडंतिकडं बघत होता. आजूबाजूच्या मळ्यांतही धूर दिसत होते, माणसं दिसत होती, कुणी गात होतं.

"लोक दर रविवारी असंच करतात?" त्यानं विचारलं.

"हो," नोएमी म्हणाली.

"मग आम्हाला बघायला कोण यायचं?"

"आम्ही," मावशी म्हणाली. "वाढ त्याला अजून."

त्यानं आणखी दोन डाव शिंपले खाल्ले, टोपी तोंडावर घेतली आणि चार वाजेपर्यंत झोपला.